एअर इंडियाच्या राजकन्या आणि राण्या : पिस्टन विमानांची चौदा वर्षं (१९४८-१९६२)

कलिनाकर

बाबांचं कपाट आवरताना मागच्या रविवारी एक प्लग सापडला. विम्याच्या कागदांखाली, जुन्या पंचाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. स्कूटरचा प्लग आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्याचा पांढरा चिनीमातीचा भाग बाहेरून दिसतो. याचं तसं नाही. हा अंगठ्यापेक्षा जाड, सगळीकडून पोलादी, दोन्ही टोकांना आटे. एक टोक सिलिंडरमध्ये बसायचं, दुसऱ्या टोकाला वायर आट्यांनी आवळायची. ठिणगीची खरखर रेडिओत शिरू नये म्हणून हा सगळा पोलादी बंदोबस्त.

बाबा १९५७ साली सांताक्रूझला विमानांच्या इंजिनांवर शिकाऊ म्हणून लागले. पहिली काही वर्षं त्यांच्या हाताखालून मुख्यतः प्लगच गेले. जेवताना विषय निघाला की हिशेब ठरलेला असायचा. एका इंजिनाला अठरा सिलिंडर, दर सिलिंडरला दोन प्लग, विमानाला चार इंजिनं. "एकशे चव्वेचाळीस," असं म्हणून ताकाचं भांडं उचलायचे. पुढे त्यांनी बोइंगवर आयुष्य काढलं, पण बोइंगचा आकडा कधी सांगितला नाही.

ते विमान म्हणजे लॉकहीड कॉन्स्टेलेशन, आणि पुढचं सुपर कॉन्स्टेलेशन. बाबांच्या तोंडी 'कॉनी'. हा धागा त्या ताफ्यासाठी काढतो आहे. नेटवर शोधलं की पुन्हा पुन्हा दोनच नावं समोर येतात, 'मलबार प्रिन्सेस' आणि 'काश्मीर प्रिन्सेस'. दोन्ही पडली म्हणून. विमानं एकूण सतरा होती. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं माणसं सुखरूप नेली-आणली, त्याची बातमी झाली नाही आणि नावंही मागे राहिली नाहीत. मला हे फार लागतं. म्हणून जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं लिहितो, भर तुम्ही घाला.

सुरुवात अशी. टाटा एअरलाइन्सची १९४६ च्या जुलैत 'एअर इंडिया' ही पब्लिक कंपनी झाली. परदेशी सेवेसाठी ८ मार्च १९४८ रोजी 'एअर इंडिया इंटरनॅशनल' वेगळी नोंदली गेली, त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के. आणि तीन महिन्यांत, ८ जून १९४८ च्या रात्री, 'मलबार प्रिन्सेस' सांताक्रूझहून उडाली. नोंदणी व्हीटी-सीक्यूपी, कॅप्टन के. आर. गझदर, प्रवासी ३५, त्यांत स्वतः जेआरडी. कैरो, जिनिव्हा आणि १० जूनला लंडन. जेमतेम दहा महिन्यांचं स्वातंत्र्य, आणि त्या देशाचा झेंडा अंगावर रंगवलेलं विमान परक्या धावपट्टीवर उभं. जेआरडींना तो देखावा पाहून भरून आलं होतं, असं त्यांनी पुढे सांगितलेलं आहे. मला तो क्षण बाबांमुळे आपल्या घरातला वाटतो, जरी बाबा तेव्हा शाळेत होते.

पहिल्या खेपेतल्या एल-७४९ जातीच्या विमानांना राजकन्यांची नावं दिली. मलबार, राजपूत, मुघल, मग मराठा, हिमालयन, बेंगॉल आणि काश्मीर. अशा सात. हो, 'मराठा प्रिन्सेस' नावाचं विमान होतं! मला स्वतःला हे चाळिशीनंतर कळलं. जानेवारी १९५० मध्ये याच विमानांनी मुंबई-कराची-एडन-नैरोबी मार्ग उघडला. पूर्व आफ्रिकेतल्या गुजराती आणि गोंयकार कुटुंबांसाठी बोटीचे कित्येक दिवस एकदम वाचले.

१९५३ साली राष्ट्रीयीकरण झालं आणि १९५४ पासून सुपर कॉन्स्टेलेशन आली. मूळ कॉनी सुमारे ९५ फूट लांब, ही ११३ फुटांच्या वर. यांना 'राणी' म्हणायचं ठरलं. राणी ऑफ झांसी, राणी ऑफ अजंठा, राणी ऑफ एलोरा, राणी ऑफ चितोड… अशा दहा. यांच्या जोरावर एअर इंडिया सिंगापूर, हाँगकाँग, १९५५ साली टोकियो, १९५६ साली डार्विनवरून सिडनी आणि १९५८ साली ताश्कंदमार्गे मॉस्को इथपर्यंत पोचली. आज नकाशावर जी जागतिक कंपनी दिसते तिचा सांगाडा या पंख्याच्या विमानांनी उभा केलेला आहे. जेटनं तो आयता घेतला.

फेब्रुवारी १९६० मध्ये पहिलं बोइंग ७०७ आलं. जून १९६२ मध्ये एअर इंडियानं जाहीर केलं की आपल्या ताफ्यात आता फक्त जेट आहेत, आणि असं म्हणू शकणारी ती जगातली पहिली कंपनी होती. त्याच महिन्यात नावातलं 'इंटरनॅशनल'ही गेलं. म्हणजे अवघी चौदा वर्षं.

बहुतेक लेख इथेच संपतात. पण राण्यांची कथा इथे संपत नाही. त्यांतल्या बहुतेक पुण्याला गेल्या, आणि तिथून काही गोव्याला. त्याबद्दल तिकडच्या सदस्यांनी लिहावं ही विनंती. आणि कुणी या इंजिनांवर काम केलेलं असेल तर जरूर बोला. प्लग माझ्या टेबलावर समोरच ठेवलाय.

---

निळावंती

वाचनखूण साठवली. मराठा प्रिन्सेसचं नाव आजच ऐकलं, सकाळपासून घरात चारजणांना सांगून झालं.

---

सोनेगाव_टपाल

फार मनापासून लिहिलंत. थोडं अवांतर, पण पिस्टन विमानांचं म्हणता तर आमच्या नागपूरला वगळून चालायचं नाही.

परदेशी मार्गांवर राजकन्या मिरवत होत्या तेव्हा देशातलं काम दोन इंजिनांची डाकोटा विमानं करत होती. १ ऑगस्ट १९५३ ला आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या वाट्याला ९९ विमानं आली. त्यांत ७४ डाकोटा, १२ व्हायकिंग आणि तीन चार-इंजिनी स्कायमास्टर, बाकी किरकोळ. या आकड्यांवरूनच कळतं देश कुणाच्या पंखांवर चालला होता ते.

आणि रात्रीची हवाई टपाल सेवा! जानेवारी १९४९ मध्ये सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर सगळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. देशाच्या बरोबर मध्यात. धावपट्टीशेजारी टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचे, आणि पहाटेच्या आत चारही विमानं परत आपापल्या गावी. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात.

माझे काका टपाल खात्यात होते, काही वर्षं त्यांची ड्यूटी तिथेच. थंडीत मंकी कॅप घालून जायचे. सांगायचे की आधी आवाज यायचा, मग बऱ्याच वेळानं दिवा दिसायचा, आणि नुसत्या आवाजावरून हमाल सांगायचे की मद्रासचं आलं की दिल्लीचं. थैल्यांना लाखेचा वास असायचा आणि विमानाला पेट्रोलचा. आमची काकू त्यांचा कोट वेगळा टांगायची.

---

मोगरा_अंगणी

सुंदर धागा. एक शंका. 'मलबार प्रिन्सेस' म्हणजे ज्यात डॉ. होमी भाभा गेले तेच विमान ना? आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर पडलेलं?

---

कलिनाकर

नाही, आणि ही गल्लत इतकी सर्रास होते की बरं झालं विचारलंत.

'मलबार प्रिन्सेस' पडली ३ नोव्हेंबर १९५० ला. कैरोहून जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लाँच्या शिखराजवळ, सुमारे ४७०० मीटर उंचीवर ती डोंगरावर आदळली. आत ४८ माणसं होती, कुणीही वाचलं नाही. डॉ. भाभा गेले ते २४ जानेवारी १९६६ रोजी, 'कांचनजंगा' नावाच्या बोइंग ७०७ मध्ये. ते जेट, आणि बळी ११७. दोन्ही अपघात त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच जागी झाले आणि दोन्ही विमानं जिनिव्हालाच चालली होती, म्हणून लोक एकच समजतात. बोसाँ हिमनदी अजूनही दोन्हींचे अवशेष खाली आणून टाकते. २०१२ साली सापडलेली भारत सरकारची टपालाची थैली १९६६ च्या विमानातली होती.

१९५० च्या अपघाताबद्दल एक गोष्ट मला विसरता येत नाही. शोध घ्यायला पायथ्याच्या शामोनी गावाहून जी माणसं चढली त्यांच्यातले रेने पेयो नावाचे वाटाडे बर्फात मरण पावले. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी, नोव्हेंबरच्या वादळात.

---

दर्यावर्दी_दापोली

कलिनाकर, त्या ४८ जणांबद्दल थोडं अजून लिहायला हवं होतं तुम्ही. त्यांतले बहुसंख्य प्रवासी खलाशी होते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला उभ्या असलेल्या बोटीवर कामाला निघालेले. त्या काळी विमान म्हणजे राजेरजवाडे आणि साहेबलोक, असंच चित्र आपल्याला दाखवतात. पण या विमानात बोटीवर राबणारी माणसं बसली होती, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

आमच्या घरात तीन पिढ्या बोटीवर. खलाशाच्या घरी तार आली की बाई ती उघडायच्या आधी ओटीवर बसते, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. वाट बघायची सवय असते, पण ती समुद्राकडे. बर्फाच्या डोंगरावरून बातमी येईल हे कुणाच्या ध्यानीमनी असणार?

---

कलिनाकर

दर्यावर्दी, तुमचं बरोबर आहे. माझ्याकडून राहून गेलं. लिहिलंत ते बरं झालं.

---

उत्तररात्र

'काश्मीर प्रिन्सेस'वर मी लिहितो. आमच्या घरी या विषयाला फार मान आहे. माझे वडील त्या वेळी फोर्टमध्ये नोकरीला होते आणि बातमी आली त्या संध्याकाळी लोक पेपरच्या कचेऱ्यांपुढे उभे होते, असं सांगायचे.

विमान व्हीटी-डीईपी. इंडोनेशियात भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेसाठी चीन सरकारनं ते भाड्यानं घेतलं होतं. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार. ११ एप्रिल १९५५ ला हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरून जकार्तासाठी निघालं. आत ११ प्रवासी आणि ८ कर्मचारी. प्रवाशांत चिनी प्रतिनिधी आणि काही परदेशी पत्रकार होते. पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना मारण्याचा हा कट होता. ते त्या विमानात बसलेच नाहीत, रंगूनला जाऊन नेहरूंना भेटून मग बांडुंगला गेले.

निघून पाचेक तास झाले होते. विमान १८,००० फुटांवर, खाली दक्षिण चिनी समुद्र. उजव्या पंखात चाकं जिथे आत जातात त्या कप्प्यात टाइमबॉम्ब ठेवलेला होता, तो फुटला. पंखाला आग लागली, केबिनमध्ये धूर भरू लागला. पुढच्या काही मिनिटांत त्या माणसांनी काय केलं ते क्रमानं बघा. आगीच्या बाजूचं इंजिन बंद केलं. नाटुना बेटांजवळची जागा सांगत तीनदा धोक्याचा संदेश पाठवला, मग रेडिओ गेला. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं वाटली. पाण्यावर आपटल्यावर दारं अडकू नयेत म्हणून आणीबाणीची दारं आधीच उघडून ठेवली. जटारांनी जळतं विमान समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तीन तुकडे झाले.

तिघं वाचले. सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर अनंत श्रीधर कर्णिक. तासन् तास पोहत होते. पुढे 'डॅम्पिअर' या ब्रिटिश नौदलाच्या जहाजानं त्यांना परत नेलं. सोळा जण गेले, त्यांत कॅप्टन जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. सरकारनं या कर्मचाऱ्यांना अशोकचक्र श्रेणीचे सन्मान दिले.

चौकशीत निष्पन्न झालं की काई ताकवर विमानाची साफसफाई करणाऱ्यांपैकी एकानं बॉम्ब ठेवला होता, कुओमिंतांगच्या, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या विरोधातल्या तैवानच्या सत्ताधारी पक्षाच्या, सांगण्यावरून. तो पोलिसांच्या हाती लागायच्या आत तैवानला पळाला. भारताच्या बाजूनं तपासात रामनाथ काव होते, तेच पुढे रॉचे पहिले प्रमुख झाले.

कलिनाकर, तुमचं म्हणणं पटतं की पडलेल्या विमानांचीच नावं राहतात. पण हे विमान नुसतं पडलं म्हणून आम्ही ते आठवत नाही. पेटत्या विमानात जाकिटं वाटणारी मुलगी आठवते. जटार, कर्णिक, दीक्षित ही आपल्या माणसांची नावं आहेत आणि शाळेच्या एकाही पुस्तकात मला ती भेटली नाहीत.

---

मोगरा_अंगणी

उत्तररात्र, वाचून काही वेळ काही सुचलं नाही. मुलीला वाचून दाखवलं. ग्लोरिया बेरींबद्दल तिनं तीनदा विचारलं.

---

सत्तरीपार_फिटर

इथे पहिल्यांदाच लिहितो आहे, वाचक जुना आहे. ही इंजिनं मी हाताळली आहेत. कंपनीत नव्हे, नंतर, वर्दीत असताना. त्यामुळे कलिनाकरांच्या वडिलांचा नि माझा गुरुभाईपणा आहे असं समजतो.

इंजिन राइट कंपनीचं, आर-३३५०. नऊ-नऊ सिलिंडरच्या दोन ओळी, एकामागे एक, चाकाच्या आऱ्यांसारख्या. जुन्या कॉनीवर एकेक इंजिन २५०० अश्वशक्तीचं. सुपर कॉनीवर तेच ३२५० पर्यंत नेलं. कसं, तर पिस्टन इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो त्यात पुष्कळ ताकद वाया जाते. राइटवाल्यांनी प्रत्येक इंजिनाला तीन छोटी टर्बाइन बसवली. धूर त्यांच्यावर सोडायचा, ती फिरली की ते फिरणं तेलाच्या कपलिंगमधून परत मुख्य शाफ्टला जोडायचं. तेवढ्याच पेट्रोलमध्ये चारशेच्या वर अश्वशक्ती जादा. कल्पना अतिशय देखणी. पण ती टर्बाइन लालभडक तापायची, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचे आणि रात्री खिडकीतून पाहिलं तर पंखाखाली निळसर ज्वाळा लांबच लांब दिसायची. नवीन प्रवासी घाबरायचा. आम्हाला मात्र त्या ज्वाळेच्या रंगावरून कळायचं की मिश्रण बरोबर आहे की नाही.

चालू करायचीही रीत होती. इंजिन थांबलेलं असताना तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं. तसंच धाडकन चालू केलं तर पिस्टनला ते तेल दाबता येत नाही आणि दांडा वाकतो. म्हणून आधी नुसता पंखा फिरवायचा, समोरून जाणारी पाती मोठ्यानं मोजायची, आणि ठरलेला आकडा झाला की मगच मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र, चालू. मग एक सिलिंडर खोकतं, दुसरं खोकतं, पांढऱ्या धुराचा ढग, आणि अचानक सगळी अठराच्या अठरा एका सुरात. तो सूर लागला की अंगावर काटा यायचा. आता लिहितानाही येतो.

विमानात फ्लाइट इंजिनिअरला वेगळी खुर्ची होती, पायलटच्या मागे, उजव्या भिंतीकडे तोंड करून. समोर चारही इंजिनांची घड्याळंच घड्याळं. बाहेरचं आकाश त्या माणसाला फारसं दिसायचं नाही, पण विमान कुठवर नीट जाईल ते त्यालाच आधी कळायचं.

प्लगचं म्हणाल तर त्या पेट्रोलमध्ये शिसं भरपूर. ११५/१४५ ग्रेडचं, जांभळ्या रंगाचं. शिशाचे बारीक मणी प्लगच्या टोकांत अडकायचे आणि ठिणगी मरायची. ते मणी काढणं, वाळूचा फवारा मारणं, फट मोजणं आणि हवेच्या दाबाखाली ठिणगी तपासणं, हे शिकाऊ पोराचं काम. पोराचं म्हणून हलकं नव्हे. एकेका प्लगमागे माणसं बसलेली असतात.

---

वाटसरू_७

साहेब, लिहीत राहा. एक विचारायचं होतं. या विमानाला तीन शेपट्या का? दिसायला देखणं आहेच, पण कारण काय?

---

सत्तरीपार_फिटर

आम्हाला शिकवलेलं कारण साधं आहे. एवढ्या मोठ्या विमानाला एकच उभी शेपटी दिली असती तर ती इतकी उंच झाली असती की चाळीसच्या दशकातल्या हँगरच्या दारातून आत जाणं मुश्कील. म्हणून तेवढाच पृष्ठभाग तिघांत वाटला.

आणि अंगाचा बाक पाहिला आहे का? नाक किंचित खाली झुकलेलं, शेपूट वर उचललेली, माशासारखं. मोठ्या पंख्यांना जमिनीपासून जागा हवी, म्हणून विमान मुळातच उंच पायांवर उभं. नाक खाली वळवलं की पुढच्या चाकाचा पाय थोडा आखूड करता येतो. त्या बाकामुळे आतला जवळजवळ प्रत्येक भाग वेगळ्या मापाचा. बनवायला किचकट, दुरुस्तीला त्याहून किचकट. पण त्या विमानाकडे मान वळवून पाहिलं नाही असा माणूस मी तरी पाहिला नाही.

---

लोहगावकर

पुण्याचा दुवा मी देतो. १९६१-६२ च्या सुमारास एअर इंडियानं या राण्या वायुदलाला दिल्या. त्या आल्या लोहगावला, ६ नंबरच्या स्क्वाड्रनकडे. या स्क्वाड्रनकडे तोवर लिबरेटर बाँबर होती. इंग्रज युद्धानंतर कानपूरला टाकून गेलेल्या मोडक्या विमानांतून एचएएलनं उभी केलेली. त्यांच्या शेजारी या नटव्या राण्या येऊन उभ्या राहिल्या. सैनिकांची वाहतूक, समुद्रावर लांबवर टेहळणी, हरवलेल्या बोटी शोधणं, अशी कामं.

आमचं घर तेव्हा विश्रांतवाडीच्या अलीकडे, मागे सगळी बाजरीची शेतं. मी चौथी-पाचवीत असेन. संध्याकाळी हे विमान उतरायला लागलं की आई गच्चीवरचे पापड सोडून वर बघायची. ती म्हणायची, "आली बघ तीन शेपटांची." जेट कानठळ्या बसवून निघून जायचं. याचा आवाज आधी पोटात जाणवायचा, पत्र्याच्या डब्यावर कुणी लांबून हात फिरवावा तसा. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की या विमानानं टोकियो-सिडनी पाहिलंय.

धाग्याच्या मूळ मुद्द्याला धरून एक भर. न पडता मोडलेल्यांतही एक राणी आहे. जुलै १९५९ मध्ये 'राणी ऑफ एरा' सांताक्रूझला धुवाधार पावसात उतरताना इतकी मोडली की पुन्हा उडाली नाही. पण आतल्या ४६ जणांपैकी एकही दगावला नाही. म्हणून ते नाव कुणाला माहीत नाही!

---

कलिनाकर

लोहगावकर, थरारून गेलो. बाबा त्या पावसाबद्दल बोलायचे. तेव्हा ते नोकरीत दोन वर्षांचे. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं ते विमान बघायला गेली होती, आणि वरिष्ठांनी त्यांना ओरडून हाकललं नाही, उलट फिरवून एकेक भाग दाखवला, असं सांगायचे. विमानाचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आज मिळालं.

---

म्हादईकाठ

देव बरें करूं. शेवटचा मुक्काम आमच्या गोव्यात, म्हणून लिहितो.

सागरी टेहळणीचं काम वायुदलाकडून नौदलाकडे आलं तेव्हा, नोव्हेंबर १९७६ मध्ये, दाबोळीला आयएनएएस ३१२ ही स्क्वाड्रन उभी राहिली, ती याच सुपर कॉन्स्टेलेशनवर. लोहगावहून आलेली पाच विमानं. म्हणजे तिसरा संसार! ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती अरबी समुद्रावर उडत होती. १९८८ साली त्याच स्क्वाड्रनकडे रशियन टीयू-१४२ टेहळणी विमानं आली.

त्या पाचांतली एक अजून आहे. दाबोळीहून बोगमाळोकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेलं. तिथे उघड्यावर आयएन ३१५ उभी आहे. ती कोण? तुमची 'राणी ऑफ एलोरा'. व्हीटी-डीएचएम. तीन शेपट्या रस्त्यावरूनच दिसतात.

धागा वाचून काल मुद्दाम गेलो. दुपारची वेळ, एक शाळेची सहल आलेली. पोरं लढाऊ विमानांकडे धावली. मी पंखाखाली जाऊन उभा राहिलो. माझी उंची पावणेसहा फूट, तरी हात वर करून पंखाला पोचत नाही. सावली इतकी मोठी की दोन वर्ग त्यात बसून डबे खात होते. फिटरसाहेबांनी लिहिलेला अंगाचा बाक अगदी बाजूला जाऊन पाहिला की कळतो. एका बाईंनी मला विचारलं, हे कुठलं विमान? मी सांगितलं, हे मुंबईहून परदेशी जायचं, मग पुण्याला होतं, मग इथे आलं. त्यांनी मुलांना बोलावून घेतलं, आणि मग मला सगळा धागाच तोंडी सांगावा लागला. जटारांचं नाव पोरांनी माझ्यामागून म्हटलं.

---

निळावंती

म्हादईकाठ, तुमचा हा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. तिला 'दोन वर्ग सावलीत डबे खात होते' फार आवडलं. डिसेंबरात गोव्याला जाणार आहोत, बोगमाळो यादीत पहिलं.

---

सत्तरीपार_फिटर

आयएन ३१५ उभी आहे वाचून बरं वाटलं. कधी जमलं तर जाईन, गुडघे परवानगी देतील तेव्हा.

कलिनाकर, तुमच्या प्लगबद्दल एक काम सांगतो. तो उन्हात धरा आणि भिंगातून खालचं टोक बघा. मधल्या दांडीभोवती बाहेरचे काटे असतील. ते काटे चौकोनी आणि धारदार कडांचे असतील तर प्लग नवा. कडा गोल होऊन काटे बारीक झाले असतील, मधली दांडीही आखूड दिसत असेल, तर त्यानं आपले तास पुरे केलेत आणि तपासणीत बाद झालाय. बाद प्लग पेटीत टाकायचे. साहेबाला विचारून एखादा पोरगा आठवण म्हणून न्यायचा.

---

कलिनाकर

सकाळी गॅलरीत उन्हात बसून पाहिलं. आईचं वाचायचं भिंग घेतलं.

काटे झिजलेले आहेत. कडा पार गोल, मधली दांडी एका बाजूनं खाल्लेली. एका काट्याच्या बुडाशी राखाडी कण अडकलाय, तो बहुधा तुम्ही म्हणता तो शिशाचा मणी. मी तो काढला नाही.

आईला सांगितलं, हा बाद झालेला प्लग आहे, चांगला नव्हे. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? चांगला घरी कसा आणतील ते?"